बधिर पाय आणि तोलाचा सराव: शंभर वर्षं उशिरा विचारलेला प्रश्न



सिनॉप्सिस, पेपर वाचन, गाईडशी बोलणं या सगळ्यावर आपण याआधी बोललो आहोत. तरी एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "रिसर्च गॅप सापडतच नाही, काय करू?" आज त्याचं उत्तर मुद्दे काढून देत नाही, माझ्या विषयाचा इतिहास सांगते. विषय आहे मधुमेहामुळे पायाच्या नसा बधिर झालेल्या लोकांचा तोल, आणि तो सरावाने सुधारतो का. इतिहास थोडा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. गॅप कुठे लपून बसते ते त्यात दिसेल.

सुरुवात घरापासून करते. गेल्या दिवाळीत माझी आत्या बेसिनपाशी पडली. वय ६२, मधुमेह १८ वर्षांचा, निवृत्त शिक्षिका. फरशी ओली नव्हती, चक्करही आली नव्हती. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि ती मागच्या मागे गेली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण आत्याने मंडईत जाणं सोडलं. संध्याकाळच्या फेऱ्याही बंद. "पायांना जपा, फार चालू नका," असं तिला आधीच एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यात ही भीती. मला म्हणाली, "अगं, पाय जमिनीवर टेकलाय की नाही तेच कळत नाही. दिवे गेले की मी जागची हलत नाही."

हे वाक्य ऐकून मी दचकलेच. कारण जवळजवळ हीच तक्रार मी पंधरा दिवसांपूर्वी वाचली होती, १८३६ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकात.

अंधारात हरवलेले पाय

मार्शल हॉल हा इंग्रज डॉक्टर. प्रतिक्षिप्त क्रियांवरच्या कामासाठी तो ओळखला जातो. मज्जासंस्थेवरच्या त्याच्या व्याख्यानांत एका रुग्णाची हकिगत आहे. या माणसाच्या पायांत ताकद होती. जमिनीकडे बघत तो नीट चालायचा. पण अंधार पडला की अडखळायचा, कारण आपले पाय कुठे आहेत हे त्याला कळायचं नाही.

दहा वर्षांनी बर्लिनमध्ये मोरित्झ रोमबर्गने हीच गोष्ट तपासणीच्या रूपात मांडली. १८४० ते १८४६ या काळात त्याचं मज्जासंस्थेच्या आजारांवरचं मोठं पाठ्यपुस्तक टप्प्याटप्प्याने आलं. त्यात त्याने लिहिलं की अशा रुग्णाला उभं करून डोळे मिटायला सांगितलं की तो डुलायला लागतो. आजही न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत पाय जुळवून उभं राहायला आणि डोळे मिटायला सांगतात. ती रोमबर्गची चाचणी.

यामागचं विज्ञान थोडक्यात असं. उभं राहणं आपल्याला 'काहीच न करणं' वाटतं, पण शरीर त्या वेळी सतत किंचित पुढेमागे डुलत असतं आणि सतत सावरत असतं. सावरायला तीन ठिकाणांहून बातमी येते: डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि पाय. पायांची बातमी म्हणजे तळव्याच्या त्वचेवरचा दाब, घोट्याचा कोन, पोटरीच्या स्नायूंवरचा ताण. या शेवटच्या जाणिवेला पुढे १९०६ साली चार्ल्स शेरिंग्टनच्या लिखाणातून 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव मिळालं. पायांची बातमी बंद झाली तरी डोळे उघडे असतील तर निभावतं. साबणासाठी डोळे मिटले की दोन आधार एकदम जातात. आत्या बेसिनपाशी पडली ती यामुळे. तिच्यासाठी ती रोमबर्गची चाचणीच होती, फक्त मागे धरायला कोणी उभं नव्हतं.

हॉल आणि रोमबर्ग ज्या रुग्णांबद्दल लिहीत होते त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह नव्हता, 'टेबीज डॉर्सालिस' हा आजार होता. उपदंशाचा संसर्ग बऱ्याच वर्षांनी मेरुरज्जूच्या मागच्या भागात शिरतो आणि पायांकडून मेंदूकडे जाणाऱ्या बातम्यांचा रस्ता उद्ध्वस्त करतो. एकोणिसाव्या शतकाच्या युरोपात हा आजार सर्रास दिसायचा. त्यावर औषध नव्हतं, आणि रस्ताच नष्ट झालाय तर सुधारणा कसली, असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं.

परीक्षेत पास व्हायचं म्हणून सराव

आता स्वित्झर्लंडमधल्या हायडेनला जाऊ. कॉन्स्टन्स सरोवराच्या वरच्या डोंगरातलं हे हवापाण्याचं गाव. रेड क्रॉसच्या कल्पनेचा जनक आंरी ड्युनां आयुष्याची शेवटची वर्षं तिथेच राहिला. त्याच गावात हाइनरिख फ्रेंकेल हा तरुण डॉक्टर होता. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते.

१८८० च्या दशकात त्याने टेबीजच्या एका रुग्णाला तपासलं. डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं, ते रुग्णाला जमलं नाही. काही महिन्यांनी तोच रुग्ण परत आला आणि या वेळी बोट नाकावर बऱ्यापैकी अचूक लागलं. फ्रेंकेल चक्रावला. आजार तर कमी झालेला नव्हता, बाकीची तपासणी होती तशीच होती. मग हे कसं झालं? रुग्णाचं उत्तर साधं होतं. गेल्या खेपेला जमलं नाही, या खेपेला पास व्हायचं होतं, म्हणून घरी सराव केला!

आपल्यातल्या प्रत्येकाने नेट-सेटसाठी हेच केलंय. फरक इतकाच की फ्रेंकेलने हे उत्तर हसण्यावारी नेलं नाही. नस दुरुस्त झालेली नसताना माणूस शिकू शकतो, हे त्याच्या लक्षात आलं. जी थोडीफार बातमी अजून पोचते आहे ती मेंदू जास्त काळजीपूर्वक वापरायला शिकतो, आणि कमी पडतं तिथे डोळ्यांची मदत घेतो. १८९० साली त्याने याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. पुढे त्याचं पूर्ण पुस्तक आलं आणि १९०२ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही निघालं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्कोनंतर आलेल्या फुल्जांस रेमोंने ही पद्धत उचलून धरली.

फ्रेंकेलचे व्यायाम बघितले तर कोणी म्हणेल, यात काय विशेष? आधी झोपून टाच पलंगावरून घासत वर आणायची, मग मध्येच एका खुणेवर थांबवायची. जमलं की बसून, मग उभं राहून, मग चालून. चालण्यासाठी जमिनीवर पावलांच्या खुणा काढलेल्या असायच्या आणि पाऊल बरोबर खुणेवर पडलं पाहिजे. हळू, मोजत, पायाकडे बघत. दमेपर्यंत करायचं नाही. ताकद वाढवणं हा हेतूच नव्हता, हेतू होता अचूकपणा. आजच्या भाषेत याला 'मोटर लर्निंग' म्हणू. तेव्हा हा शब्द प्रचारात नव्हता, कल्पना मात्र पूर्ण तयार होती.

म्हणजे १९०२ पर्यंत दोन गोष्टी माहीत होत्या. पायांची जाणीव गेली की तोल जातो. आणि जाणीव परत आली नाही तरी सरावाने तोल आणि चाल सुधारू शकते. मग माझ्या आत्याला २०२० नंतरच्या काळात 'फार चालू नका' एवढंच का सांगितलं गेलं?

मधुमेहाची वाट वेगळी झाली

मधुमेहात नसा बिघडतात हेही जुनंच ज्ञान आहे. १८६४ साली फ्रान्समध्ये मार्शाल द काल्व्हीने मांडलं की नसांचा त्रास हा मधुमेहाचा परिणाम आहे. त्याआधी बरेच जण उलटं समजायचे, नसांच्या बिघाडातून मधुमेह होतो असं. १८८४ मध्ये बुशारने लिहिलं की मधुमेहींमध्ये गुडघ्याचा झटका, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर पाय उडण्याची क्रिया, नाहीशी झालेली दिसते. १८८५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक पेव्हीने पायांतल्या वेदना, जडपणा आणि बधिरपणा यांचं सविस्तर वर्णन केलं. काही मधुमेही तर हुबेहूब टेबीजच्या रुग्णांसारखे चालायचे. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी 'डायबेटिक स्यूडोटेबीज' असा शब्द वापरला, म्हणजे मधुमेहातला 'खोटा टेबीज'.

इथे जरा थांबा. हा 'खोटा' शब्द महत्त्वाचा आहे. निदानासाठी तो बरोबर होता, कारण हा उपदंश नव्हे हे सांगणं गरजेचं होतं. पण दोन आजार वेगळे ठरले की त्यांचे उपचारही वेगळ्या कपाटात जातात. फ्रेंकेलचा व्यायाम टेबीजच्या कपाटात राहिला.

शिवाय त्या काळी मधुमेहाची गंभीर अवस्था फार दिवस चालतच नसे. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं आणि चित्र पालटलं. माणसं जगायला लागली, आणि जगली म्हणून वीस-तीस वर्षांनी दिसणारे परिणाम दिसायला लागले: डोळे, मूत्रपिंड, नसा, पाय. १९३४ साली बोस्टनच्या इलियट जॉस्लिनने मधुमेही गँगरीनच्या धोक्यावर लेख लिहिला. पाय कापावा लागणं ही मोठी भीती होती, आणि ती खरी होती. जॉस्लिन व्यायामाचा पुरस्कर्ता होता. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम ही त्याची त्रिसूत्री. पण तो व्यायाम साखरेसाठी होता, तोलासाठी नव्हे.

दुसरीकडे १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनीने पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे दाखवलं. पुढच्या काही दशकांत टेबीज जवळजवळ दिसेनासा झाला. ही फार मोठी गोष्ट झाली यात शंका नाही. पण ज्या रुग्णांवर तोलाचा सराव घडला होता ते रुग्णच उरले नाहीत. फ्रेंकेलचे व्यायाम फिजिओथेरपीच्या पाठ्यपुस्तकात एका धड्यापुरते राहिले. तो धडा आजही आहे, विद्यार्थी परीक्षेसाठी पाठही करतात.

वेल्लोरची चप्पल

यापुढचं वळण आपल्या देशातलं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं.

पॉल ब्रँड हा तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेला ब्रिटिश शल्यविशारद. १९४६ मध्ये तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागला. तेव्हा समज असा होता की कुष्ठरोगात बोटं आजारानेच झडतात. ब्रँड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बराच नाश आजाराने थेट होत नाही, तो वेदना हरवल्याने होतो. चटका बसला तरी हात मागे येत नाही. पायाला खिळा टोचला तरी माणूस चालत राहतो. साध्या चालण्याचा मध्यम दाबसुद्धा एकाच जागी हजारो वेळा पडला तर जखम करतो, कारण आपण नकळत वजन बदलतो तसं त्याच्याकडून होत नाही. वेल्लोरच्या कामातून मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला पुढे आल्या. 'एमसीआर चप्पल' म्हणून मेडिकलच्या दुकानात मधुमेहींसाठी आज जी मिळते ती हीच. आत्याच्याही पायात तीच आहे. कुष्ठरुग्णांसाठी शोधलेली वस्तू आपण वापरतोय हे तिला माहीत नव्हतं.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेला. तिथे तेच ज्ञान मधुमेहाच्या पायांना लागू झालं. जखमेवरचा भार काढून घेणारं प्लास्टर, खास पादत्राणं, आणि तळव्याला टोचून जाणीव तपासणारा दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा, या सगळ्याच्या इतिहासात कारव्हिलचं नाव येतं. यामुळे असंख्य पाय वाचले.

एका आजाराचं ज्ञान दुसऱ्या आजाराच्या उपयोगी पडलं, याचं इतकं सुंदर उदाहरण क्वचितच मिळेल. पण याची एक सावलीही पडली. 'जखम असलेल्या पायावर भार नको' हा पक्का नियम हळूहळू 'बधिर पायावर भार नको' असा पसरला. बरीच वर्षं मधुमेही न्यूरोपॅथी असलेल्यांना सल्ला असायचा की चालण्याऐवजी पोहा, सायकल चालवा, खुर्चीत बसून व्यायाम करा. हेतू चांगलाच होता. मात्र उभं राहण्याचा तोल उभं राहूनच शिकता येतो. जपायला म्हणून बसवलेला माणूस आणखी अशक्त होतो, आणि शेवटी बेसिनपाशी पडतो. जखम हा पायाचा प्रश्न, पडणं हा पूर्ण माणसाचा. तज्ज्ञ पहिल्याकडे बघत होते आणि दुसरा कोणाच्याच विभागात येत नव्हता.

प्रश्न पुन्हा विचारला गेला

१९९० नंतर हे चित्र बदलायला लागलं. १९९३ साली डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने टाइप १ मधुमेहात दाखवलं की साखर काटेकोर ठेवली तर न्यूरोपॅथी होण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. पण हे झालं टाळण्याबद्दल. ज्यांचे पाय आधीच बधिर झालेत त्यांचं काय?

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात सिमोनो, कॅव्हानॉ आणि सहकाऱ्यांनी एक साधी पण हुशार रचना केली. दोन गट घेणं सोपं होतं: मधुमेही आणि निरोगी. त्यांनी तीन घेतले: न्यूरोपॅथी असलेले मधुमेही, न्यूरोपॅथी नसलेले मधुमेही, आणि मधुमेह नसलेले. फोर्स प्लेटवर उभं करून शरीराचं डुलणं मोजलं. जास्त डुलणारा गट पहिला निघाला. न्यूरोपॅथी नसलेले मधुमेही निरोगी लोकांसारखेच उभे होते. म्हणजे दोष मधुमेहाच्या नावाचा नाही, बधिर झालेल्या नसांचा. तो मधला गट नसता तर हे कळलंच नसतं. कंट्रोल ग्रुप निवडताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा.

२००१ मध्ये मिशिगनच्या जेम्स रिचर्डसन यांच्या गटाचा अभ्यास आला. मधुमेह आणि न्यूरोपॅथी असलेली २० माणसं. दहा जणांना तीन आठवडे घोट्याची ताकद आणि तोल यांसाठी खास व्यायाम, उरलेल्या दहांना दुसरा, तोलाशी संबंध नसलेला व्यायाम. पहिल्या गटाचं एका पायावर उभं राहणं, एकापुढे एक पाऊल ठेवून उभं राहणं आणि पुढे हात लांबवणं, तिन्ही सुधारलं. दुसऱ्या गटाचं नाही. पण 'मी पडणार नाही' हा आत्मविश्वास मात्र लक्षणीय वाढला नाही. तीन आठवड्यांत शरीर शिकलं, मनाला अजून विश्वास नव्हता.

फ्रेंकेलच्या पहिल्या लेखानंतर १११ वर्षांनी, दुसऱ्या आजाराच्या नावाखाली, तोच प्रश्न चाचणीच्या स्वरूपात उभा राहिला.

तरीही २००४ चा कॉक्रन रिव्ह्यू बघितला तर निष्कर्ष असा होता की परिधीय न्यूरोपॅथीत व्यायामाचा उपयोग किती, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. हे वाक्य वाचताना घाई करू नका. 'पुरावा पुरेसा नाही' याचा अर्थ 'उपयोग नाही' असा होत नाही. त्याचा अर्थ, 'इथे कामाला जागा आहे.'

आणि भीतीचं काय, चाललं तर जखमा होतील ही? ती भीती अमेरिकेतल्या मिझुरीमध्ये लमास्टर आणि सहकाऱ्यांनी थेट तपासली. 'फीट फर्स्ट' या अभ्यासात ७९ न्यूरोपॅथीग्रस्तांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला पायांची ताकद, तोल आणि हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, दुसऱ्याला फक्त पायांची निगा. दोन्ही गटांवर वर्षभर नजर ठेवली. २००८ मध्ये निकाल आला: चालणाऱ्या गटात जखमा लक्षणीय वाढल्या नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह आणि क्रीडावैद्यक संघटनांनी संयुक्त निवेदनात म्हटलं की पायावर उघडी जखम नसेल तर न्यूरोपॅथी असलेली माणसं उभ्याने, मध्यम प्रमाणात व्यायाम करू शकतात. पाय रोज तपासायचा आणि पादत्राणं योग्य घालायची, ही अट आहेच.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधून, म्हणजे फ्रेंकेलच्याच देशातून, लारा आले आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ७१ मधुमेही, आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे गटाने सराव. सराव केलेल्यांचा नेहमीचा चालण्याचा वेग दुसऱ्या गटापेक्षा सेकंदाला सुमारे १५ सेंटीमीटर जास्त वाढला, तोल सुधारला, आणि या वेळी पडण्याची भीतीही कमी झाली. सहा महिन्यांनी यातलं बरंचसं टिकलं होतं. मात्र यंत्रावर मोजलेलं डुलणं आणि घोट्याची ताकद टिकली नाही. दोघांच्या टाचेमागच्या शिरेत दुखणं सुरू झालं, म्हणून त्यांचे व्यायाम सावकाश वाढवावे लागले. चांगला पेपर हेही लिहितो.

मोजायचं काय?

आता खरी अडचण. 'फीट फर्स्ट'च्याच गटाने २०१० मध्ये पडण्याचे आकडे प्रसिद्ध केले. दोन गटांत पडण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही, आणि तोलाच्या चाचण्यांतली सुधारणाही थोडीशीच होती.

मग सगळं व्यर्थ? माझं मत सांगते. एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं हे मोजायला सोपं आहे, म्हणून आपण ते मोजतो. रुग्णाला हवं असतं न पडणं. या दोन्हींच्या मध्ये ओली मोरी, बेसिन, रात्री दोनला लागलेली लघवी, उंच उंबरठा, दिवे जाणं, हे सगळं येतं. पडणं ही घटना एका माणसाच्या बाबतीत वर्षातून एखाद-दोनदा घडते, त्यामुळे तिच्यातला फरक पकडायला ७९ माणसं कमी पडू शकतात. आणि बरेचसे व्यायाम उजेडात, डोळे उघडे ठेवून, सपाट जमिनीवर होतात. आत्या मात्र डोळे मिटल्यावर पडली.

मी एम.एस्सी. शरीरक्रियाशास्त्राची, त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा मला प्रिय आहे. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात माझं मुख्य मोजमाप होतं फोर्स प्लेटवरचं डुलणं, बस्स. आत्या पडल्यावर मी गाईडकडे गेले. सर म्हणाले, "तुझी आत्या पडली हा डेटा नाही. पण तुझा प्रश्न चुकतोय हे कळायला तेवढं पुरे आहे." मग आम्ही पडण्याची आणि पडता पडता सावरल्याची रोजची नोंदवही घातली, आणि मंद उजेडातली एक चाचणीही.

तुमच्यासाठी

या इतिहासातून मी स्वतःसाठी तीन गोष्टी घेतल्या.

एक, गॅप शोधताना फक्त आपल्या आजाराच्या नावाने सर्च करू नका. जी क्रिया बिघडली आहे तिच्या नावाने शोधा. मी 'मधुमेह' आणि 'तोल' टाकून शोधत होते तोवर फ्रेंकेल मला भेटलाच नाही. 'अटॅक्सिया' टाकल्यावर भेटला.

दोन, एखादा सल्ला सगळीकडे दिला जात असेल तर तो कुठून आला ते शोधा. 'भार देऊ नका' हा सल्ला चुकीचा नव्हता, तो आपल्या हद्दीबाहेर गेला होता. कोणता नियम कोणत्या रुग्णासाठी लिहिला होता, हा प्रश्न विचारणं म्हणजे कुणाचा अपमान करणं नव्हे.

तीन, सोयीचं मोजमाप आणि महत्त्वाचं मोजमाप यांत अंतर असतं. ते अंतर प्रबंधात प्रामाणिकपणे लिहा. व्हायव्हात कोणी विचारण्याआधी आपणच लिहिलेलं बरं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे आहे. त्यातल्या प्रत्येकाचे पाय बधिर होत नाहीत, पण ज्यांचे होतात त्यांच्यासाठी आपली घरं, आपल्या मोऱ्या, आपले उंबरठे यांचा विचार करून केलेला अभ्यास अजून खूप हवा आहे. कोणाला विषय हवा असेल तर घ्या, जागा भरपूर आहे.

आणि आत्या? मी फिजिओथेरपिस्ट नाही, त्यामुळे यूट्यूबवरचे व्यायाम तिला शिकवायचा मोह टाळला. आधी पाय तपासून घेतले, जखम नाही याची खात्री केली, मग ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे नेलं. ताईंनी पहिल्या दिवशी खडूने फरशीवर पावलं काढली. मी बघतच राहिले. त्यांना विचारलं, "हे फ्रेंकेलचं ना?" त्या म्हणाल्या, "हो, सेकंड इयरला होतं."

आता आत्या रोज सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून, पायात एमसीआर चप्पल घालून दहा मिनिटं सराव करते. बेसिनशेजारी आम्ही दांडा बसवून घेतलाय आणि तोंड धुवायला खुर्ची ठेवलीय. मंडईत अजून एकटी जात नाही. परवा मात्र फोनवर म्हणाली, "काल दिवे गेले होते. भिंत धरून का होईना, मेणबत्तीपर्यंत मी गेले."

मी तारीख विचारून घेतली. तिच्या वहीत लिहायची राहिली होती.